जाऊ बाहेर बसली तो दिवस

आमच्या घरात पाळी आलेल्या बाईनं पडवीच्या कोपऱ्यात बसायचं, चुलीला शिवायचं नाही, अशी रीत होती. मी शाळेत शिक्षिका. वर्गात याविरुद्ध तावातावानं बोलायची आणि घरी येऊन मुकाट त्याच कोपऱ्यात बसायची. त्या कोपऱ्याचा मला मनस्वी राग होता.

धाकट्या जावेच्या पहिल्या बाळंतपणात फार रक्त गेलं होतं. कशीबशी वाचली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, इतक्यात पुन्हा दिवस जाऊ देऊ नका. पण सासूबाईंचा एकच हेका, "पोरगं अंगावर पिऊन राह्यलं ना, मंग काई व्हत न्हाई." पोरगं वरणभात चापत होतं, जावेची पाळी सुरू झाली होती, तरी सगळ्यांची भिस्त दुधावरच.

दीर पुण्याहून येऊन एक रात्र राहून गेले. दुसऱ्या दिवशी धुणं धुताना जाऊ म्हणाली, "अक्का, ते आल्ते ना काल. मला लई भेव वाटून राह्यलं. मी गेले तर लेकराकडं कोण बघंल?"

मला संताप आला, तिचा नव्हे, सगळ्यांचा. पेपरच्या पुरवणीत वाचलेलं आठवलं. अशा वेळी घ्यायची गोळी आता चिठ्ठीशिवाय मिळते, तीन दिवसांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी, पाजणाऱ्या आईलाही चालते. पण गावातला मेडिकलवाला सासऱ्यांच्या नात्यातला. त्याच्यासमोर आमचा पदर डोक्यावरून ढळत नसे, तिथं गोळी काय मागणार! मग बाळाच्या डोसाचं निमित्त सांगून आम्ही एसटीनं नवीन जालना गाठलं.

जाऊ लेकराला घेऊन दुकानाबाहेर उभी राहिली. आतल्या माणसानं मला विचारलं, "कोणासाठी?"

"मला," मी म्हणाले. त्याची नजर माझ्या मोकळ्या कपाळावर जाऊन थांबली. विधवेनं हे मागावं म्हणजे काय! मी नजर खाली घातली नाही. शेवटी त्यानं गोळी काढून दिली. "लगेच घ्या. दोन-तीन तासात उलटी झाली तर परत घ्यावी लागंल."

जावेला तर गाडी लागते! ती बसमध्ये हमखास उलटी करणार. म्हणून तिनं गोळी गिळल्यावर आम्ही दुपार ढळेपर्यंत स्टेशनच्या बाकावर बसून राहिलो.

ही गोळी गर्भ राहू नये म्हणून असते, राहिलेला पाडत नाही, आणि पक्की हमी तिचीही नसते. पुढं रोज सकाळी मी आधी चुलीकडे बघायची. जाऊ भाकरी थापताना दिसली की समजायचं, पाळी अजून आलेली नाही.

एका सकाळी सासूबाई करवादल्या, "धाकटी बाहीर बसली. भाकरी आज तुलाच थापा लागतील."

मी पडवीकडे धावले. कोपऱ्यात जाऊ गोणपाटावर बसली होती, तोंडाला पदर लावून हुंदके देत होती. मी तिला घट्ट कवटाळलं.

"अगं, शिवलीस ना!" सासूबाई ओरडल्या. "आता तू बी बस तिथंच!"

मी बसले. त्या कोपऱ्यात आम्ही दोघींनी ठरवलं, आता तांबी बसवून घ्यायची. भाकरी सासूबाईंनी थापल्या.