पाय आत

शोरूमच्या काचेआड दोन स्कूटर शेजारी शेजारी उभ्या होत्या, एक राखाडी आणि एक पांढरी. त्यांच्याभोवती फेऱ्या मारणारा पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ मात्र मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे बघत होता. विक्रेत्या बाईंना वाटलं, गिऱ्हाईक लाजाळू आहे.

गिऱ्हाईक लाजाळू नव्हतं. ते लिफ्ट-मेकॅनिक होते आणि धंद्यात सगळे त्यांना भाऊजी म्हणत. त्यांचा जोडीदार हा बायकोचा धाकटा भाऊ. तो त्यांना भाऊजी म्हणतो म्हणून ठेकेदारापासून इमारतींच्या रखवालदारांपर्यंत सगळ्यांनी तेच नाव उचललं. मेहुण्याचं नाव पडलं होतं बटण, कारण लिफ्ट हलवायचं बटण त्याच्या हाती असे.

जुन्या लिफ्टच्या दुरुस्तीला दोन माणसं लागतात. एक लिफ्टच्या टपावर उभा राहून दोर आणि रूळ तपासतो. दुसरा गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत बसून त्याच्या सांगण्याप्रमाणे लिफ्ट हळूहळू हलवतो. टपाच्या कडेला पिवळी रेघ असते. रेघेपलीकडे भिंतीपर्यंत वीतभर फट, आणि त्या फटीतून लिफ्टच्या तोलाचा लोखंडी ठोकळा उलट दिशेने जातो. म्हणून दोघांचा एक नियम होता. टपावरच्याने "पाय आत" अशी हाक द्यायची. ती ऐकल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. मशीनच्या खोलीतल्याला खालचं काही दिसत नाही. त्याच्याकडे असते ती फक्त हाक.

टपावर कायम भाऊजी. मेहुण्याने सुरुवातीला एकदा प्रयत्न केला होता. लिफ्टच्या अंधाऱ्या बोळकांडीत त्याने दोराला अशी मिठी मारली की उतरवायला दोघे लागले. "बायकोला कधी एवढं घट्ट धरलं नसशील," असं भाऊजी त्याला वर्षानुवर्षं ऐकवत.

जोडीकडे घाटापलीकडच्या दोन गावांचं काम होतं. जुनी मोटरसायकल बसली तेव्हा ठेकेदार म्हणाला, लांब पल्ल्याची स्कूटर घेऊ, दोन माणसं आणि हत्यारांची पिशवी नेईल अशी. दोन मॉडेल ठरवलीत, त्यातलं कोणतं ते तुम्ही चालवून सांगा, पण आजच सांगा. स्कूटरचा हट्ट मुळात भाऊजींचा होता. कंबर दुखते, असं त्यांनी कारण दिलं होतं.

कंबर ठणठणीत होती. मोटरसायकलचा गिअर आणि मागचा ब्रेक पायाने दाबावा लागतो, आणि भाऊजींना पाय कळत नव्हते. साखरेचा जुना आजार. डॉक्टरांनी टाचेला टाचणी टोचली तेव्हा ते शांतपणे विचारत होते, "सुरू केलंत का?" घोट्याच्या खाली जे काही होतं ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुठे आहे ते सांगता येत नव्हतं. टपावर ते टॉर्च आधी पावलांवर मारत आणि मग हाक देत. घरात हे फक्त बायकोला ठाऊक होतं. ती रोज एकच प्रश्न विचारी, "माझ्या भावाला सांगितलंत का?" ते रोज म्हणत, "सांगतो." सांगितलं की टप सुटणार होता. टपाशिवाय त्यांना दुसरं काम येत नव्हतं, आणि ठेकेदार बसवून पोसणारा नव्हता.

बायकोलाही जे ठाऊक नव्हतं ते असं: थोड्याच महिन्यांपूर्वी टॉर्चची बॅटरी उतरलेली असताना त्यांनी अंदाजाने "पाय आत" म्हटलं होतं. लिफ्ट हलली. ठोकळा शेजारून गेला आणि बुटाची टाच सोलून घेऊन गेला. त्यांना तेव्हा काही कळलंच नाही. खाली उतरल्यावर बूट दिसला. मेहुण्याला त्यांनी सांगितलं, जिन्यात पत्र्याला घासला.

म्हणून आज त्यांना अशी स्कूटर हवी होती, जिच्यावर हे झाकलेलं झाकलेलंच राहील.

"राखाडी बघा," विक्रेत्या बाई म्हणाल्या. "सीट बुटकी आहे, काच उंच, मागे टेकायला पाठ."

मेहुणा म्हणाला, "भाऊजींसाठी हीच. गाडीची घरघर सुरू झाली की मागे टेकून झोपतील."

"तू मागे बसून घोरतोस ते काय कमी आहे?"

आधी राखाडी काढली, मेहुणा मागे. सीट बुटकी असल्याने दोन्ही तळवे रस्त्यावर सपाट टेकत होते. पण या स्कूटरला पाय ठेवायच्या जागेत मधोमध जाड उंचवटा होता. पाय उचलून त्याच्या बाजूच्या अरुंद खोबणीत नेमका ठेवावा लागे. भाऊजींचा पाय उंचवट्याला धडके, घसरे, अर्धा बाहेर लोंबकळे. प्रत्येक वेळी निघताना त्यांना मान खाली घालावी लागत होती. एकदा मान खाली असतानाच स्कूटर पुढच्या रिक्षाच्या अगदी जवळ गेली.

"समोर बघा हो!" मेहुणा ओरडला. "खाली काय खजिना सापडलाय?"

"नवीन गाडी आहे, हात बसायला वेळ लागतो."

"हात बसतोय. तुमचं लक्ष पायाकडे आहे."

भाऊजींनी स्कूटर वळवून शोरूमकडे घेतली. परत आल्यावर ते म्हणाले, पांढरी मी एकटाच फिरवून आणतो.

पांढरीची पाय ठेवायची जागा सपाट होती. पाय कुठेही ठेवा, हत्यारांची पिशवीही पायांमध्ये राहील. वजनाला हलकी, वळायला सोपी. पण सीट उंच. थांबलं की फक्त चवडे टेकत, आणि चवडे टेकले की नाही हे त्यांना कळत नव्हतं. चौकात लाल दिव्याला स्कूटर एकीकडे कलली. त्यांनी कशीबशी सावरली. मागून हॉर्न वाजायला लागले. हिरवा दिवा लागताच त्यांनी पाय वर घेतले आणि निघाले. चौक पार झाल्यावर त्यांना बरं वाटलं. जमलं, त्यांनी स्वतःला सांगितलं, सवयीने जमेल. शोरूमच्या दारात स्कूटर लावून ते ताठ मानेने आत आले.

"कशी वाटली, काका?" विक्रेत्या बाईंनी विचारलं आणि मग त्यांच्या आवाजात हसू आलं. "अहो, तुमची एक चप्पल?"

भाऊजींनी खाली बघितलं. डाव्या पायात चप्पल होती. उजवा पाय उघडा होता आणि अंगठ्यातून थोडं रक्त येत होतं.

हिशेब करणारा मुनीमही हसला. सगळ्यात मोठ्याने मेहुणा हसला. "भाऊजी, ठेकेदाराने स्कूटर द्यायच्या आधीच तुम्ही चप्पल देऊन आलात?" मग तो हसता हसता थांबला. त्याने अंगठ्याकडे बघितलं. "लागलंय तुम्हाला."

"हो का?" भाऊजी म्हणाले.

हे दोन शब्द तोंडातून गेले आणि मग ते परत घेता येईनात.

चप्पल शोधायला दोघे चौकापर्यंत चालत गेले. रस्ता दुपारच्या उन्हाने तापलेला होता. मेहुण्याने स्वतःची चप्पल काढून पाऊल डांबरावर ठेवलं आणि झटकन उचललं. भाऊजी त्याच डांबरावर उघड्या पावलाने शांतपणे चालत होते.

"तो बूट," मेहुणा म्हणाला. "जिन्यातला पत्रा. कुठल्या जिन्यातला?"

भाऊजी पुढे चालत राहिले.

"बोला ना. कुठल्या जिन्यातला?"

"जिन्यात नाही. टपावर."

"तुम्ही हाक दिली होतीत. मी ऐकली."

"दिली होती."

"पाय आत नव्हता."

"मला वाटलं आत आहे."

मेहुणा फुटपाथच्या कडेला बसला. तो स्वतःच्या उजव्या हाताच्या, बटण दाबायच्या अंगठ्याकडे बघत राहिला. "बटण मी दाबलं होतं," तो म्हणाला. "तुमचा पाय मी कापला असता. ताईला काय सांगायचं होतं मी? आणि तुम्ही तीन-चार महिने मला तेच दाबायला लावताय? रोज?"

"काम गेलं तर मी करू काय?" भाऊजी म्हणाले. "सांग ना. रखवालदार होऊ? तिथेही दिवसभर उभं राहायला पायच लागतात. दुसरं येतं काय मला? तू तरी टपावर चढशील का?"

"नाही," मेहुणा म्हणाला. तो खोटं बोलला नाही. "पण तुमच्या हाकेवर मी आता बटण दाबणार नाही. ठेकेदार टपावर दुसरा माणूस देईल."

"आणि मी?"

मेहुणा उठला. त्याने चौकातून चप्पल उचलून आणली. तिच्यावरून एक गाडी गेली होती. त्याने ती भाऊजींच्या पायापाशी ठेवली आणि पाऊल नीट आत गेलं की नाही हे वाकून बघितलं.

शोरूममध्ये विक्रेत्या बाई वाट बघत होत्या. "काय ठरलं मग?"

मेहुण्याने भाऊजींकडे बघितलं. निवड जोडीतल्या मोठ्याने करायची असं ठरलेलं होतं. भाऊजींनी दोन्ही स्कूटरभोवती पुन्हा एक फेरी मारली. सकाळपासून पहिल्यांदाच ते स्कूटरकडे बघत होते. त्यांनी पांढरीच्या सपाट जागेवर सोबत आणलेली हत्यारांची पिशवी ठेवून पाहिली. मेहुण्याला सीटवर बसवलं. तो उंच होता, त्याचे दोन्ही तळवे सहज टेकले. पिशवी हलवून, ओढून, स्टँडवरून स्कूटर काढून त्यांनी सगळं तपासलं.

"पांढरी," ते म्हणाले. "राखाडीवर पिशवी मागच्याच्या मांडीवर येईल. घाटात नव्या माणसाला त्रास होईल."

"मागे टेकायला पाठ बसवून देऊ का, काका? तुम्हाला आराम."

"मी नसणार मागे."

बाईंनी लिहून घेतलं. ठेकेदाराला फोन मेहुण्याने केला. स्कूटरचं सांगितलं, बाकीचं उद्या येऊन सांगतो म्हणाला. भाऊजी बाहेर जाऊन उभे राहिले. संध्याकाळी घरी गेल्यावर बायको रोजचा प्रश्न विचारणार होती. आज उत्तर होतं, आणि त्या उत्तरानंतर घर कशावर चालायचं हे दोघांनाही माहीत नव्हतं.

परतीला बस आली. मेहुणा आधी चढला. भाऊजींनी दांडा धरला, खाली बघून एक पाऊल पायरीवर ठेवलं, मग दुसरं शोधू लागले. मागची माणसं ढकलू लागली. ड्रायव्हरने दार लावायला घेतलं.

"थांबा!" मेहुणा ड्रायव्हरवर एवढ्या जोरात ओरडला की अख्खी बस वळून बघायला लागली. दार अर्ध्यावर थांबलं. मेहुण्याची नजर भाऊजींच्या पायावर होती. टाच अजून पायरीच्या बाहेर होती. त्याने वाकून ती हाताने आत सरकवली.

मग सरळ होऊन, ड्रायव्हरकडे बघत, तोच म्हणाला, "पाय आत."