खांद्यावर तीनदा

राहेलबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या उलथत होतो. फोनवर तिची मुलगी एस्तेर होती. "काका, आई गेली. परवाच माती दिली." मी "अरेरे" म्हणालो, फोन खिशात टाकला आणि पुन्हा मिरच्यांना लागलो... त्यानंतर हे लिहायला पाच आठवडे गेले. कारण राहेलबाईबद्दल खरं लिहायचं तर आधी स्वतःची लाज काढावी लागते, आणि त्याला मी अजून सरावलेलो नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या आईला पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. दर दोन तासांनी तिची कूस बदलायची होती. बायको गुडघ्यांनी बेजार, आणि मला स्वतःच्या आईचं अंग पुसायचा संकोच. तेव्हा ओळखीतून राहेलबाई कोरीट गावातल्या आमच्या घरी राहायला आली. नवापूरकडच्या डोंगरातली, दवाखान्यात आयाचं काम केलेली. घरी डोंगरातल्या आदिवासींची कोकणी बोलायची, आमच्याशी अहिराणी. आईची घाण निघायची तेव्हा मी नाकाला रुमाल लावून दारात उभा, आणि ही बाई गुणगुणते आहे! येशूची गाणी. मी एकदा विचारलंच, "बाई, तुले किळस नही येत का?" ती हसली. "येस ना भाऊ. पन देवनं काम शे, तोंड पाडीसन कसं करानं?"

आईला ते गाणं आवडत असावं. ते सुरू झालं की तिचा चेहरा सैल पडायचा. पण एक दिवस ओट्यावर बसलेल्या चुलतभावानं टोमणा मारला, "काय रे, तुन्हा घरमां प्रार्थना सुरू व्हयनी का?" चार माणसं हसली. झालं, माझा जीव एवढासा झाला. घरात येऊन मी आधी गल्लीकडची खिडकी लावली आणि मग म्हणालो, "बाई, आठे गानं नको म्हनू. लोके नावं ठेवतस." ती म्हणाली, "बरं भाऊ." एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून कूस बदलताना आई किंचाळायला लागली. डोळे विस्फारून चादर धरायची. मी राहेलबाईवरच खेकसलो, "माय शे मन्ही, पोतं नही शे!" ती मान खाली घालून म्हणाली, "चुकी व्हयनी भाऊ." चार-पाच दिवसांत किंचाळणं थांबलं. मी बायकोला ऐटीत सांगितलं, बघ, बोलल्याशिवाय माणसं सुधारत नाहीत. पुढे नाताळला राहेलबाई चार दिवस घरी गेली आणि तेवढ्यात आईच्या खुब्याला जखम झाली. परत आल्यावर तिनं ती हसतमुखानं धुतली, कुणाला बोल लावला नाही. मी म्हटलं, आजारच तसा. होळीनंतर आई गेली आणि राहेलबाई पिशवी घेऊन आपल्या गावी निघून गेली.

फोननंतर आठवड्यानं मी एस्तेरला भेटायला गेलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "तुझी आई छान गायची." एस्तेर म्हणाली, "काका, ते तिचं कामच होतं. कडवं संपलं की ती पेशंटला वळवायची. आता हलवणार हे त्याला आधीच कळायचं, मग तो घाबरत नसे. तुमच्याकडे गाणं चालत नव्हतं, मग आईनं खांद्यावर तीनदा थोपटायची युक्ती काढली. आजींना ती लगेच समजली. घरी येऊन किती खूश होऊन सांगत होती!" तिच्या बोलण्यात तक्रारीचा लवलेश नव्हता. हातातला चहा अर्धाच ठेवून मी निघालो.

आईची खाट अजून त्या खोलीत आहे. खिडकी मी आता उघडी ठेवतो, पण त्याचा काय उपयोग... परवा त्या खाटेच्या काठावर बसलो होतो आणि ते नाताळचे दिवस आठवले. आईला आम्ही सकाळ-संध्याकाळ कसंबसं वळवत होतो, मधला सगळा वेळ ती एका कुशीवर. एका दुपारी मी शेजारी बसलो असताना तिनं डाव्या हातानं माझ्या मनगटावर थोपटलं. तीनदा. थांबून माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा तीनदा. मला वाटलं, आई माया करते आहे. माझे डोळे भरून आले. बायकोला हाक मारून मी कौतुकानं दाखवलंसुद्धा. मग म्हणालो, "झोप माय," आणि तिचा हात उचलून पांघरुणात घालून ठेवला.