दुपट्ट्याच्या गाठी

आमचं शेत किन्हीराजाच्या पुढे, माळाला लागून आहे. हरभरा घाट्यावर आला की माळावरची हरणं त्यात उतरायची आणि बाबा धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, झुडपांत फास लावायचे. मोटरसायकलच्या जुन्या क्लच वायरचे फास. हरीण मारणं गुन्हा आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पीक वाचवायला लावतो, असं आम्ही म्हणायचो. पण हरीण सापडलं की घरात सण व्हायचा, हेही खरं.

कलेजी आधी निखाऱ्यावर भाजून आम्हा भावंडांच्या हातावर यायची. बाबा मांसाच्या लांब पट्ट्या कापायचे, आई त्यांना मीठ-हळद चोळायची. त्या मागच्या अंगणात दोरीवर टाकून कावळे हाकायचं काम माझं. वाळलेल्या चान्या पत्र्याच्या डब्यात भरल्या की उन्हाळ्यापर्यंत पुरायच्या. कातडं बाबा शेतातच पुरायचे.

बाबांना लिहिता येत नाही. जितके फास लावले तितक्या गाठी ते खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या टोकाला मारायचे. एक फास काढला की एक गाठ सोडायचे. रोज पहाटे जाऊन फास बघायचे. बाहेरगावी जायचं असेल तर सगळे काढल्याशिवाय निघायचे नाहीत. "जनावर फासात तळमळत ठेवलं, तर आपुन मानसं कायची?" असं म्हणायचे.

मी वाशीमला कॉलेजात होते. एका हिवाळ्यात बक्षीस समारंभाला पालकांना बोलावलं होतं, म्हणून बाबांना न्यायला आदल्या दिवशी गावी आले. त्यांचा दुपट्टा पाहून मला लाज वाटली. मळका, आणि टोकाला गाठींचा गुंता. मैत्रिणी काय म्हणतील? बाबा दुपारचे आडवे झाले होते. मी दुपट्टा उचलला, घट्ट गाठी दातांनी सोडवल्या आणि साबण लावून धुतला. दोरीवर पसरताना लक्षात आलं, आपण काय केलं ते. घरात फास पाच-सहाच असायचे. दुपट्टा वाळल्यावर मी अंदाजाने पाच गाठी मारून ठेवल्या.

संध्याकाळी बाबांनी तो हुंगला. "साबनाचा वास येते व पोरी! मले नवरदेव करून राह्यली काय?"

"नवरदेव राहू द्या," आई म्हणाली. "उद्या सायबांसमोर बसाचं आहे, मानूस तरी दिसा."

बाबा हसत शेतावर गेले. पाच फास काढले, पाच गाठी सोडल्या आणि निवांत घरी आले.

समारंभात ते पहिल्या रांगेत बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. माझं नाव पुकारल्यावर उभेच राहिले. दुसरा दिवस शिष्यवृत्तीच्या कागदांत गेला. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं परतलो, आणि शेताच्या वाटेवरूनच धुऱ्यावर कावळे दिसले.

मादी होती. पोटात पिल्लू. मागच्या पायात वायर हाडापर्यंत रुतली होती, भोवतालची माती खुरांनी उकरलेली.

बाबा खाली बसले. दुपट्ट्याचं टोक हातात धरून बराच वेळ बघत राहिले. "पाचच होत्या," म्हणाले. "सहावी गाठ मारालेच इसरलो मी. डोस्कं गेलं माह्यं."

मी बाजूलाच उभी होते. तोंड उघडलं नाही.

त्यांनी ती मादी पुरली आणि सगळ्या वायरी पडक्या विहिरीत टाकून दिल्या. त्यानंतर आमच्या घरात चान्या वाळल्या नाहीत. ते चांगलंच झालं. पण त्या दिवसापासून बाबांचा स्वतःवर भरवसा राहिला नाही. पंप बंद केला का, हे दोनदा जाऊन बघतात. बसमध्ये तिकीट मुठीत असतं, तरी आईला विचारतात, "काढलं ना मी?" आमच्या घरातली पहिली पदवी या माणसाने मला मिळवून दिली, आणि इतकी वर्षं मी त्यांना स्वतःला विसराळू समजू दिलं.

यंदा दिवाळीला गेले तेव्हा सांगून टाकलं. लाजेचं, धुण्याचं, अंदाजाने मारलेल्या गाठींचं, सगळं. बाबा रागावतील असं वाटलं होतं.  ते पुढे सरकून बसले.

"मंग किती होत्या व? सा होत्या का?"

"मोजल्या नव्हत्या, बाबा."

त्यांनी मान हलवली. दुपट्ट्याचं टोक बोटांत घोळवत काही वेळ बसले आणि पंप बंद आहे का ते बघायला उठले.