लाईनबाहेरचं पाणी

"विलासभाऊ गेले," असं फोनवर ऐकलं तेव्हा मी विचारलं, "कोणता विलास?" जणू माझ्या ओळखीत विलास नावाची पुष्कळ माणसं होती. नागपूरच्या महाल भागातल्या एका दुकानासमोर मी उभा होतो, खांद्यावर पाण्याचा जार होता आणि दुकानदार म्हणत होता, ठेवा ना भाऊ, खाली ठेवा. मला ते ऐकू येत होतं, पण कळत नव्हतं. फोनवर विलासचा मेहुणा होता. गाडीत जार भरताना छातीत दुखलं म्हणून विलास ओट्यावर टेकला, त्याची बायको, संध्यावहिनी, पाणी आणायला आत गेल्या, बाहेर आल्या तोवर सगळं आटोपलं होतं... या गोष्टीला आता काही आठवडे झाले. तरी अजूनही मला वाटतं की ती बातमी दुसऱ्या कोणाची तरी होती आणि चुकून माझ्याकडे आली.

विलास आणि मी हिंगण्याच्या एका कारखान्यात एकाच पाळीत होतो. मोटरसायकल त्याची; तो चालवायचा आणि मी मागे दोघांचे डबे मांडीवर धरून बसायचो. कारखाना बंद पडला तेव्हा दोघांनीही पाण्याचा धंदा धरला. बोअरचं पाणी मशीनमधून काढायचं, थंड करायचं, जारमध्ये भरून घरोघर, दुकानोदुकानी पोचवायचं. नागपूरच्या उन्हाळ्यात या धंद्याला मरण नाही असं आम्ही म्हणायचो. भागीदारी करू, असं मी सुचवलं होतं. तो म्हणाला, "नको गा. हिशोबावरून भांडू आपण. दोस्ती राहू दे." म्हणून त्यानं हिंगण्याकडे मशीन टाकलं, मी महालात.

आमच्या धंद्यात 'लाईन' या शब्दाला फार मान. ज्या भागात ज्याची गाडी फिरते ती त्याची लाईन. दुसऱ्याच्या लाईनवर जार टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. आम्हा पाणीवाल्यांची संघटना झाली त्या दिवशी तर्री-पोहे खात आम्ही सगळं शहर वाटून घेतलं. भावही एकच ठरला. मी उभं राहून बोललो होतो, की आता आपण एकमेकांच्या पोटावर पाय देणार नाही, हीच खरी माणुसकी. टाळ्या पडल्या. विलासनंही हात वर केला होता. ज्यांच्या घरी ते पाणी जाणार होतं त्यांच्यापैकी त्या खोलीत कोणी नव्हतं, हे आमच्या ध्यानातही आलं नाही.

बुटीबोरीची लाईन संघटनेच्या अध्यक्षांना मिळाली. तिथं परप्रांतातून आलेले कामगार रांगेतल्या खोल्यांमध्ये राहतात. बोअरचं पाणी खारं, त्यामुळे जारशिवाय इलाज नाही. अध्यक्षांनी भाव वाढवला, वर जार धुणंही सोडलं. तळाशी हिरवा थर बसलेला असायचा. लोकांनी दुसऱ्या गाडीवाल्यांना फोन केले. मलाही एका बाईचा आला होता. मी अगदी नम्रपणे सांगितलं, "ताई, ती आमची लाईन नाही." फोन ठेवल्यावर मला बरंच वाटलं होतं, आपण शब्दाला जागलो म्हणून. विलासलाही तिनं फोन केला. तो गाडी घेऊन गेला.

मी त्याला समजवायला गेलो. तो नळाखाली जार घासत बसला होता.

"काहून गेला बे तिकडे? तुले नियम माहीत नाही का?"

"माहीत आहे ना. तूच तं भाषण ठोकलं होतं."

"मग?"

"लाईन लाईन काय लावून राहिला? रस्ते नाही वाटले आपण, माणसं वाटली गा. त्या बाईले कोणी विचारलं का, तुले कोणाच्या वाट्याले जायचं आहे म्हणून?"

मी म्हणालो, "तू लय शहाणा झाला." तो हसला आणि मलाच एक ब्रश दिला. "आलाच आहे तं घास."

मग संघटनेनं त्याला धडा शिकवायचं ठरवलं. जारची झाकणं विकणाऱ्यांना सांगितलं, त्याला माल देऊ नका. मशीन दुरुस्त करणाऱ्याला सांगितलं, तिकडे जाऊ नका. आणि त्याच्या हिंगण्याच्या लाईनवर सगळ्यांनी मिळून गाड्या घातल्या, पाण्याचा खर्चही निघणार नाही इतक्या कमी भावात. त्यात एक गाडी माझी होती. मी पाठवली. नाही म्हटलं असतं तर उद्या माझी पाळी आली असती, एवढंच कारण होतं आणि ते मी कोणाला सांगितलंही नाही. हिंगण्याचे लोक खूश होते. एका आजोबांनी माझ्या ड्रायव्हरला चहा पाजला म्हणे. विलासचा फोन आला. मला वाटलं शिव्या देईल. तो एवढंच म्हणाला, "आज त्याहीले स्वस्त भेटून राहिलं, चांगलं आहे. मी धंद्यातून उठलो का मग भाव कोण ठरवणार, तूच सांग."

याच सुमारास तो एका वकीलबाईंना भेटला. त्यांनी त्याला सांगितलं की याच्यासाठी कायदा आहे. धंदेवाल्यांनी मिळून भाव बांधणं, गिऱ्हाईक वाटून घेणं, जो ऐकणार नाही त्याचा माल बंद करणं, याला कायद्यात संगनमत म्हणतात. दिल्लीत त्यासाठी आयोग आहे, तिथं तक्रार करता येते. आतल्या माणसानं पुढे येऊन खरं सांगितलं तर त्याच्या दंडात सूटही मिळू शकते. विलास माझ्याकडे आला. तक्रार त्यानं केलीच होती.

"तू साक्ष द्यायले चाल ना माह्यासंग. तू तं त्या मिटिंगमध्ये बोलला होता. माह्या एकट्याचं कोण ऐकते?"

मी म्हणालो, "सीजन होऊ दे. पाऊस पडला का जाऊ."

"लोकं तं आता पाणी पिऊन राहिले गा," तो म्हणाला. रागावला नाही. गाडीला किक मारली आणि गेला. आमची तीच शेवटची भेट. सीजन संपायच्या आधी तो गेला.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका, कोणालाही येतो. मी ते अनेकदा स्वतःला सांगून पाहिलं. पण झाकणांसाठी गावोगाव फिरणारा, बंद मशीन स्वतः खोलून बसणारा, ड्रायव्हर ठेवणं परवडेना म्हणून स्वतः जार उचलणारा तो माणूस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तो जार उचलायला एकटा होता. यात माझा वाटा किती, हे डॉक्टर सांगू शकत नाहीत.

तेरवीनंतर मी वकीलबाईंकडे गेलो. ती मिटिंग, ती वाटणी, माझं भाषण, हिंगण्याला पाठवलेली माझी गाडी, सगळं सांगितलं आणि जबाबावर सही केली. संघटनेनं मला काढलं. महालात आता माझ्या लाईनवर दुसऱ्या गाड्या फिरतात, माझ्यापेक्षा स्वस्त.

हे सांगायला मी संध्यावहिनींकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हे त्याहीले सांगाचं होतं भाऊजी," त्या म्हणाल्या. "मले सांगून काय?"

त्या आत गेल्या आणि विलासचा फोन आणून माझ्यासमोर ठेवला. काच तडकलेली, मागे रबर लावलेलं. "दिवसभर वाजते," त्या म्हणाल्या. "मी काय सांगू लोकायले?"

मी तिथं बसलो असतानाच तो वाजला. मी उचलला. पलीकडून एका बाईनं पाणी मागितलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कुठून बोलता?" लाईन कोणाची हे कळावं म्हणून आम्ही सगळे पहिला प्रश्न हाच विचारतो.

ती म्हणाली, "भैया तो ये नहीं पूछते थे. वो तो पूछते थे, कितने चाहिए."

वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. मी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि विचारलं, "कितने चाहिए?"