झाकलेली खिरापत

शोभीच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आई म्हणायची. खोटं नव्हतं ते. गल्लीत कुणाचं लग्न जमलं, कुणाचं मोडलं, मला कळलं की दिवेलागणीपर्यंत अर्ध्या आर्वीला कळायचंच. पण एक तीळ माझ्या तोंडात गेली कित्येक वर्षं तसाच आहे. कोरडा. दादाला सांगितला नाही. वहिनीला तर — तिथं येते मी, जरा दमानं घ्या. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत नाही त्याच माणसापुढे तोंड उघडतं, हे किती विचित्र आहे, नाही? आणि याच गोष्टीविरुद्ध मी गेल्या महिन्यात महिला मंडळात तावातावानं भाषण ठोकून आले.

बसस्टँडच्या रस्त्यावर माझा कॉम्प्युटर क्लास आहे, त्यामुळे या विषयातली गावातली विद्वान मीच. इंटरनेटवर नाव लपवून लिहू द्यावं का, असा विषय होता. मी म्हटलं, मुळीच नाही. जे बोलायचं ते स्वतःच्या नावानं बोला. नाव लपवून बोलतो तो भेकड. टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेत वहिनी बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या की नाही ते मी पाहिलं नाही. पाहायची हिंमत नव्हती, असं म्हणा.

आमच्याकडे भाद्रपद सरला की पोरींची भुलाबाई बसते. गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची. ज्या घरची पाळी ती डबा झाकून आणते, हलवून दाखवते, आणि बाकीच्यांनी आत काय आहे ते सांगायचं. गोड की तिखट? कुरकुरीत की मऊ? लहानपणी माझ्यापुढे एक डबा टिकत नसे. कान लावायची, वास घ्यायची, झाकणावर हात ठेवून गरम आहे का बघायची, आणि ओळखून मोकळी. वहिनी लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं गल्लीतल्या पोरींसाठी खिरापत केली. भंडाऱ्याकडच्या माहेराहून आलेले शिंगाडे तिनं उकडले होते. पोरी बिचाऱ्या डोकं खाजवत होत्या. मी तेव्हा विशीतली घोडी, खेळात नव्हतेही. मधूनच जाता जाता म्हटलं, "शिंगाडे हायेत वं, दुसरं काय!"

वहिनीचा चेहरा पडला. ती नवी होती, नणंदेला काय बोलणार? एवढंच म्हणाली, "जराशी झाकून राहू द्याची होती ना, ताई."

हे मी का सांगते आहे? कारण पुढं जे केलं ते हेच होतं. फक्त डब्यात शिंगाडे नव्हते.

आमचं कृषी केंद्र आहे, बियाणं आणि खताचं. बाबांनी उभं केलं, दादा चालवतो. दोन हजार पाचच्या सुमारास दादानं हिशेबासाठी कॉम्प्युटर घेतला आणि दुकानातल्या धुळीला भिऊन घरातच ठेवला. वहिनीला शिकवला मी. इंग्रजी अक्षरं दाबली की पडद्यावर मराठी उमटतं, हे पाहून ती लहान मुलीसारखी हसली होती. दुपारी पोरं शाळेत, दादा दुकानात, मी क्लासात. त्या वेळात ती काय करते, असं मी कधी विचारलं नाही. बिलं टाइप करत असेल, दुसरं काय.

क्लासात दुपारी मुलं नसत. मी एका मराठी साइटवर बसायची. लोक तिथं टोपणनावानं लिहीत — कविता, पाककृती, भांडणं. मीही एक नाव घेतलं होतं. मालती, नाशिक. नाशिकला मी आयुष्यात गेलेली नाही. तिथं 'पऱ्हाटी' नावाची एक बाई लिहायची. कपाशीच्या झाडाचं नाव घेणारी म्हणजे आपल्याच बाजूची, हे कळत होतं. तिचं लिहिणं मला फार आवडायचं. एसटीच्या फलाटावर कुणी ओळखीचं नसताना नुसतं बसून राहावंसं वाटतं, असलं काहीतरी ती लिहायची आणि मी तेच पुन्हा पुन्हा वाचायची. मी तिला निरोप पाठवला, तिनं उत्तर दिलं. रोजचंच झालं मग. ती मला मालतीताई म्हणायची. मला तोवर मैत्रीण अशी नव्हती. हे खरं सांगते.

आणि एक दिवस पऱ्हाटीनं सासऱ्यांवर लिहिलं.

सासऱ्यांनी तिला कधी नावानं हाक मारली नाही, असं तिनं लिहिलं होतं. दुपारी तिनं जरा पाठ टेकली की ते अंगठीनं पानाच्या डब्यावर टकटक करत. म्हणजे चहा. रोज. ज्या दुपारी ते गेले त्या दुपारी घरात आकांत चालला होता, आणि ही दाराआड उभी. टकटक थांबली होती. तिला झोप यायला लागली. इतक्या वर्षांची झोप. तिनं पदर तोंडात कोंबला, तो हुंदका दाबायला नाही. जांभई दाबायला.

मी वाचलं आणि पुन्हा वर जाऊन वाचलं. पानाचा डबा बाबांचा. अंगठी बाबांची. आणि तो पदर मी डोळ्यांनी पाहिला होता! तेराव्याला येईल त्या बाईला मीच सांगत होते, सून असावी तर अशी, सासऱ्यासाठी पदर फाडून रडली.

राग आला का? आला. पण कशाचा? मला त्या दिवशी काय वाटलं होतं? बाबा मला नागपूरला शिकायला पाठवत नव्हते. त्यांना खाली उतरवून ठेवलं होतं, आई रडत होती, आणि माझ्या डोक्यात आलं — आता जाता येईल. गेलेही. क्लास त्यातूनच उभा राहिला. म्हणजे जांभई मलाही आली होती. पण वहिनीनं ती लिहिली, आणि खाली किती बायकांनी लिहिलं होतं, 'आमचंही असंच'. ते वाचून मी जळले.

तरी तिथंच थांबले असते तर? नाही थांबले. उलट मालती होऊन तिला खोदत बसले. दुपारी मी क्लासात, ती घरात, मध्ये जेमतेम दोन गल्ल्या. ती मन मोकळं करायची आणि संध्याकाळी आम्ही दोघी एकाच परातीत वालाच्या शेंगा सोलायला बसायचो, मुक्यानं. मला सगळं ठाऊक आणि तिला काही नाही. गंमत वाटायची मला. लाज नाही वाटली, गंमत वाटली.

शेवटी मी विचारलं, तुमची नणंद कशी आहे हो?

तिचं उत्तर मला पाठ आहे. 'चांगली आहे. जीव लावते. पण तिच्यापुढे काही झाकून राहत नाही, म्हणून मी तिला काही सांगत नाही.'

बस्. एवढंच. यात वाईट काय होतं? शिवी होती का? पण माझ्या मस्तकात गेलं. मालती नावाच्या नसलेल्या बाईला सगळं सांगते आणि मला, जिनं बोट धरून टाइपिंग शिकवलं तिला, काही नाही! त्याच दुपारी मी आणखी एक नाव घेतलं. पूर्वी लग्नं मोडायला निनावी पत्रं यायची, त्याखाली असायचं तेच — हितचिंतक. आणि जांभईच्या त्या लेखाखाली लिहिलं की या बाई आर्वीच्या अमुक कृषी केंद्राच्या सूनबाई, सासऱ्याच्या मरणावर वाहवा मिळवत आहेत. बटण दाबलं. मग मुलं आल्यावर त्यांची परीक्षा घेतली.

आमचा एक मावसभाऊ पुण्याला असतो. चार दिवसांत ते वाचून त्याचा दादाला फोन आला.

दादा ओरडणारा माणूस नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. कॉम्प्युटरची वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "ज्याइनं हे घर उभं केलं, त्याइच्या मरणाचा तमाशा केला तू? काऊन केलं असं?" वहिनी उभी होती. मग तो माझ्याकडे वळला. "शोभे, तुले ठाऊक होतं का हे?"

"नाई," मी म्हटलं.

कॉम्प्युटर दुकानात गेला. दादा वर्षभर तिच्याशी कामापुरतं बोलला. पानावर बसायचा आणि मान खाली घालून जेवून उठायचा. तिनं लिहिणं तर सोडलंच, साधी चिठ्ठीसुद्धा पोराकडून लिहून घ्यायची.

आणि इथं मी संपले असं समजू नका. वहिनीची माहेरची एक मैत्रीण होती, रेखा, पुलगावला दिलेली. महिन्या-दोन महिन्यांनी यायची आणि तिचा आवाज अंगणातूनच ऐकू यायचा. एकदा भांडी लावताना वहिनी म्हणाली, "पऱ्हाटी म्हंजे मी, हे फक्त रेखाले सांगतलं होतं, ताई. दुसरं कोणालेच नाई." माझ्यावर तिला संशयही आला नाही. म्हणाली, "तुमाले समजलं असतं तं तुमी तोंडावर भांडल्या असत्या. तुमचा सभाव मले ठाऊक हाय."

तेव्हा बोलायचं होतं. तोंड उघडंही होतं माझं. त्यातून निघालं, "मंग तिनंच सांगतलं असन."

रेखा पुन्हा आमच्या घरी आली नाही. आली होती एकदा, वहिनीनं दार उघडलं नाही. मी खिडकीतून पाहिलं तिला, हातात पिशवी घेऊन परत जाताना. काहीतरी करून आणलं असेल.

तर महिला मंडळातल्या त्या भाषणानंतर वहिनी आणि मी पायी घरी येत होतो. चालता चालता तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "मले नाई पटलं तुमचं. भेकड काऊन म्हनता? नाव झाकलं होतं म्हनून तं मी बोलली."

मी म्हटलं, "आन् त्या हितचिंतकानं? त्यानंही झाकलंच होतं ना?" असं बोलण्याची माझी छाती कशी झाली, देव जाणे.

"थो येगळा," ती म्हणाली. "त्यानं सोताचं झाकलं आन् माहं उघडं केलं." मग थांबली. "रेखानं गळा कापला. पन थ्या मालतीबाई... त्याइचं पुढं काईच समजलं नाई. तुमाले त्यातलं समजते, ताई. शोधून द्यान का?"

"पाहीन मी," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी क्लासात मालतीचा पासवर्ड टाकला. बोटांना आठवत होता. पऱ्हाटीचा एक न वाचलेला निरोप पडून होता, जुना. मग लक्षात आलं — कॉम्प्युटर गेल्यावर एकदा वहिनी क्लासात आली होती, जरा हात चालवून पाहते म्हणाली, आणि मी तिला बसवून खाली चहा सांगायला गेले होते. तेवढ्यात लिहिलेला होता.

'मालतीताई, आता लिहिणं होणार नाही. काळजी करू नका. घरात नणंद आहे, तिच्या आधारानं निभतं आहे.'

मी संगणक बंद केला. संध्याकाळी घरी गेले. वहिनी शेंगा सोलत होती, मीही बसले.

"सापडल्या का?" तिनं विचारलं.

नाही म्हटलं मी.