आत्याची गाडी आणि माझी बाटली

माझ्या आत्याचा उजवा पाय कधी स्वस्थ नसतो. ती लोकांना गाडी चालवायला शिकवते. शिकवणाऱ्याच्या बाजूला एक जादा ब्रेक असतो, आणि त्यावर पाय ठेवूनच तिची इतकी वर्षं गेली. आता हा पाय घरीही ऐकत नाही. टीव्हीतली गाडी वळणावर आली की सोफ्यासमोरची चटई दाबली जाते. जेवताना कुणी भरभर बोलू लागलं तरी दाबली जाते. शिकणारे तिला 'ब्रेकआत्या' म्हणतात, तेही तिच्या तोंडावर.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, गेल्यावर तिने ही शाळा काढली. शाळा म्हणजे एक जुनी पांढरी गाडी, तिच्या छपरावरची पाटी आणि वस्तीमागचं धुळीचं मैदान. घाबरट माणसं सांभाळण्यात तिचा हातखंडा. "गिअर आहे, साप नाही, धरा!" असं म्हणत तिने कितीतरी जणांना रस्त्यावर आणलं.

पण यंदा गाडी काळा धूर सोडू लागली आणि तपासणी तोंडावर आली. धुरात नापास झालेल्या गाडीवर शिकवता येत नाही. परगावी राहणारा माझा आतेभाऊ याचीच वाट पाहत होता. फोनवर म्हणाला, "आई, या वेळी नापास झालीस तर शाळा बंद. माझ्याकडे राहायला यायचं. कबूल?"

आत्या तोऱ्यात "कबूल" म्हणून बसली. फोन ठेवल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला. "तिथे दिवसभर करू काय मी? लिफ्टमध्ये बसून बटणं दाबू?"

गॅरेजवाला म्हणाला, इंजिन उघडावं लागेल, तपासणीच्या आत काही जमणार नाही.

इथे माझा प्रवेश होतो. मी नुकतीच मेकॅनिकल इंजिनीअर झालेली, पाण्याच्या पंपांच्या कारखान्यात चाचणी विभागात लागलेली. मोटारीच्या इंजिनाचा आडवा छेद मी डोळे मिटून काढू शकते. मोटार चालवता मात्र येत नाही, पण त्याने माझा आत्मविश्वास कधी कमी झालेला नाही. मी पुष्कळ व्हिडिओ पाहिले आणि पेट्रोलमध्ये घालायच्या क्लीनरची एक बाटली घेऊन आत्याकडे गेले.

"हे काय गं?"

"इंजिनात कार्बन साठतो ना, तो यातल्या डिटर्जंटने सुटतो. मग ज्वलन नीट होतं, धूर कमी."

"म्हणजे जुलाबाचं औषध."

"आत्या, हे शास्त्र आहे."

"बरं बाई. तू शिकलीस त्यातलं, तूच ओत."

मी अख्खी बाटली ओतली. शेवटचा थेंबही झटकून काढला. त्या क्षणी माझ्या चेहऱ्यावर जो भाव होता, तो पदवी घेतानाच्या फोटोतही नाही.

पहिल्या दिवशी गाडी बरी वाटली. मला तर ती झेपावतेय असंच वाटत होतं, मी मागच्या सीटवर बसून "फरक जाणवतोय ना?" असं सारखं विचारत होते. दुसऱ्या दिवशी, म्हणजे तपासणीच्या आदल्या सकाळी, शिकायला दातांचे डॉक्टर होते. भर चौकात गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

"मी काही केलं नाही!" डॉक्टर स्टिअरिंगवरून हात वर करून म्हणाले.

"तुम्ही नाही हो. उतरा, ढकला," आत्या म्हणाली.

डॉक्टर आणि मी ढकलत निघालो. मी धापा टाकत त्यांना बाटलीची हकीकत सांगितली. त्यांनी विचारलं, "डोस किती दिलात?"

"एक बाटली. एका टाकीला एक, असं लिहिलंय वर."

"टाकी भरलेली होती?"

मी आत्याला हाक मारली. ती खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडली, "भरते कोण? मी कधीच पाव टाकीच्या वर जात नाही! भरली की गाडी जड होते, चढावर नवशिके मागे घरंगळतात!"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"काटा समोर होता. म्हटलं, इंजिनीअर आहे, बघितला असेल!"

डॉक्टर विचारात पडले. "मोठ्या माणसाचा डोस तान्ह्या बाळाला दिलात तुम्ही."

झालं होतं तसंच. त्या जहाल मिश्रणाने टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा गाळ सोडवला आणि तो सगळा फिल्टरमध्ये जाऊन बसला. गॅरेजवाल्याने टाकी रिकामी करायला घेतली. आत्या स्टुलावर बसली होती. उजवा पाय फरशीत रुतलेला. मला ते बघवेना. काहीतरी करावं म्हणून मी बॉनेटखाली वाकले आणि पेट्रोलचा फिल्टर समजून सगळ्यात मोठा गोल डबा उघडला.

"ओ ताई, तो हवेचा!" गॅरेजवाला ओरडला. मग जवळ येऊन आत बघतच राहिला. फिल्टरवर धुळीची गादी बसली होती. मैदानाचा एक कोपरा तरी नक्कीच आत असेल. "आत्या, हा डबा कधी उघडला होता?"

"तो उघडतो?" आत्या म्हणाली.

"अहो, हवाच मिळत नसेल तर धूर होणार नाही तर काय! मीही सरळ इंजिनावर गेलो, हे बघितलंच नाही."

दोन्ही फिल्टर नवे बसले, पेट्रोल नवं भरलं, अर्थात पाव टाकीच. दुसऱ्या दिवशी तपासनीसाने सायलेन्सरच्या तोंडात नळी घातली. आत्या शेजारी उभी राहून जमीन दाबत होती. आकडा मर्यादेच्या जेमतेम आत आला. तपासनीसाने "पास" म्हटलं तरी तिचा पाय लगेच सुटला नाही.

आता मला कुणी विचारलं की अशा बाटल्यांचा उपयोग होतो का, तर माझं उत्तर असं: घाण साठली असेल तर थोडाफार होत असावा, पण आधी काटा बघा, आणि त्याच्याही आधी डबे उघडा. हे मी आतेभावालाही सांगणार होते. संध्याकाळी त्याचा फोन आला. आत्या आणि मी टेबलाशी चहा घेत होतो, आवाज स्पीकरवर होता.

"आई म्हणते तुझ्या बाटलीने गाडी सुधारली. आणि यापुढे गाडीची काळजी तू घेणार आहेस. मग मला शाळेबद्दल काही म्हणायचं नाही. पण खरं सांग, ती बाटली एवढी चांगली आहे?"

मी तोंड उघडलं. "तसं नाही रे, खरं म्हणजे तो हवेचा—"

टेबलाखाली माझ्या पावलावर करकचून ब्रेक लागला.

"हो दादा," मी म्हणाले. "फारच चांगली आहे."