शिकलेली पायाळू

मी पायाळू आहे. जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर काढले, एवढंच माझं कर्तृत्व. पण आमच्या कळंबच्या बाजूला कुणाच्या पाठीत उसण भरली, की पायाळू माणसाने तिथे पाय लावायचा आणि उसण पळायची, असा पक्का समज आहे. त्यामुळे लहानपणापासून मोठमोठी माणसं शर्ट वर करून माझ्यापुढे पाठ करून बसत आली. मला तेव्हाही त्याचा संताप यायचा. धरलेली पाठ आपोआप सुटायची आणि श्रेय माझ्या टाचेला मिळायचं.

पुढे शिकले, नवी मुंबईत एका प्रयोगशाळेत लागले. घरी येते ती शनिवारी. प्रयोगशाळेत आम्ही रक्तातले मायक्रोआरएनए मोजतो. पेशीत कुठलं प्रथिन किती बनू द्यायचं, यावर लगाम ठेवणारे हे अगदी छोटे रेणू. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की तिथले हे रेणू रक्तात उतरतात आणि सापडतात. मेख अशी, की त्यातले काही हातापायाच्या, पाठीच्या स्नायूंतही असतात, आणि तो स्नायू दुखावला तरी रक्तात वाढतात. म्हणून जे मुख्यतः हृदयातच असतात त्यांच्यावर कितपत भरवसा ठेवता येईल, ते आम्ही तपासतो. दवाखान्यांत ही तपासणी रोजच्या वापरात अजून आलेली नाही.

हे मी एकदा आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, समजावून सांगायला गेले. म्हटलं, दुखणं उसणीचं की काळजाचं, हे रक्तावरून ओळखायचं, असं समजा. आबांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी गावभर सांगितलं, की आमची पोरगी शहरात उसणीवरच शिकलीय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भांडले, दोन शनिवार घरी आलेच नाही. आबांवर ढिम्म परिणाम झाला नाही. उलट ओटीवरची गर्दी वाढली. पूर्वी मी नुसती पायाळू होते, आता शिकलेली पायाळू झाले.

भाताची झोडणी उरकली होती, त्यानंतरच्या एका शनिवारी आले तर ओटीवर काका बसलेले. आबांचे धाकटे भाऊ. शर्ट काढून तयार. मला बघताच त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि खांद्याच्या डाव्या फऱ्याखाली बोट दाखवलं. तोंड राखाडी पडलेलं, पाठ घामाने ओली. थंडीत घाम कसला, हे विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती.

“लाव गं पाय,” आबा म्हणाले. “कवाचा बसलाय तो.”

“पाय नाय लावनार. गाडी बोलवा.”

आबा भडकले. दारी आलेल्या माणसाला मी परत पाठवते, शिकून माज आला, असं बरंच बोलले. मीही काही बाकी ठेवलं नाही. म्हटलं, सख्ख्या भावाला मारायला निघालात. त्या क्षणी मला आबांचा खरोखर तिरस्कार वाटला, आणि काका मात्र मधूनच विनवत होते, की एकदा लाव, मग म्हणशील तिकडे येतो. मी पाय लावला नाही. शेजाऱ्याची गाडी आली. कर्जतमार्गे पनवेलला जाताना खालापूरच्या हद्दीत डंपरांनी रस्ता अडवला होता. तेवढ्या वेळात आबांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलंही नाही.

दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, नेहमीची रक्ततपासणी केली. डॉक्टर म्हणाले, झटका आजचा नाही, गुरुवारचा असावा. काका वाचतील, पण हृदयाचा बराचसा स्नायू मेलाय, तो परत येणार नाही. लगेच आणलं असतं तर वाचला असता. आता शेती विसरा.

मी तणतणत खाटेपाशी गेले. विचारलं, गुरुवारपासून काय करत होतात, दवाखाना दिसला नाही का.

मी इतकी का चिडले, ते काकांना कळेना.

“तुजीच वाट बगत होतो,” ते म्हणाले. “तू शनवारी येतेस ना गं.”